वीसच्या आतला पट : शाळा चालवायची की हलवायची?

माळावरचा

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी आहे, त्यामुळे 'याला गावच्या शाळेचं काही पडलेलं नाही' असं कुणी म्हणू नये. पट १७, वर्ग पाच, गुरुजी दोन. त्यातल्या एकांकडे मुख्याध्यापकाचा चार्ज आहे, म्हणजे ते सारखे तालुक्याला. उरलेले एक गुरुजी पहिली ते पाचवी एकाच खोलीत घेऊन बसतात. दुसरीचं वाचन चाललेलं असतं तेव्हा पाचवीने काय करायचं? फळ्यावरचं उतरवायचं.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी समूह शाळांचे (लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचे) प्रस्ताव मागवले तेव्हा राज्यभर ओरड झाली. वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून जास्त शाळा, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं आणि २९ हजारांवर शिक्षक, असे आकडे तेव्हा पुढे आले. शिक्षकामागे सहा-सात मुलं! एवढं लाडाचं प्रमाण असताना पोरं धडाधड वाचायला हवीत. आमच्याकडे तरी वाचत नाहीत, कारण ती सहा मुलं एका इयत्तेची नसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. पाच-सहा वाड्यांची मिळून एक शाळा करा, प्रत्येक इयत्तेला एक शिक्षक द्या, मुलांना गाडी द्या. पानशेतला असा प्रयोग झालेला आहे. 'आमच्या आजोबांनी श्रमदानातून बांधलेली शाळा' हे मलाही माहीत आहे. माझ्याही आजोबांनी दगड वाहिलेत. पण शाळा आजोबांसाठी नाही.

घाटमाथा

असहमत. मुळापासून असहमत.

'गाडी द्या' हे दोन शब्द तुम्ही ज्या सहजतेने लिहिलेत त्यावरूनच कळतं की तुम्ही माळावर राहता. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जायच्या आणि पुढे जंगलातून चालत. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा कुठे सगळ्यांना जाग आली. तिथे कुठली गाडी पाठवणार?

आणि कायदा? शिक्षण हक्क कायद्याच्या आपल्याकडच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. हे अंतर कुणी गंमत म्हणून ठरवलेलं नाही. सहा वर्षांचं पोर जास्तीत जास्त तेवढंच चालतं. तुमच्या समूह शाळेसाठी ते पोर सकाळी किती वाजता उठणार, याचा हिशेब आधी मांडा.

हिशेबनीस

धागाकर्त्याशी सहमत. भावनेचं सोडा, पैशाचं बघा. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाचं जे संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये. त्यात वीजबिल, खडू, स्टेशनरी, संडास-बाथरूमची सफाई, नळदुरुस्ती, सगळं बसवायचं. पट १०० च्या पुढे गेला की तेच अनुदान ५० हजार होतं. आता सांगा, दहा हजारांत वर्षभर शाळा चालवणाऱ्याकडून विज्ञानाच्या साहित्याची अपेक्षा कोण करणार? पैसा हजारो ठिकाणी शिंतडला की तो कुठेच भिजवत नाही.

लाल माती

हिशेबनीस, मग अनुदान वाढवा की! लहान शाळेला कमी पैसे द्यायचे, आणि मग ती गरीब दिसते म्हणून बंद करायची, हा कुठला न्याय? छप्पर दहा मुलांवर असो की शंभर, पावसात गळायचं ते गळतंच.

आमच्या रत्नागिरीत पट का कमी आहे हे कुणी विचारत नाही. निम्मी वाडी मुंबईला. उरलेल्या घरांत एक नाहीतर दोन मुलं. म्हणजे कुटुंब लहान ठेवा हे ऐकलं त्याची ही शिक्षा. शाळा गेली की उरलेलं घरही मुलांपायी चिपळूण नाहीतर विरार गाठतं. मग वाडीत फक्त गणपतीत दिवे लागतात.

एका लेकीची आई

मी या भांडणात कुणाचीच नाही, पण पट कमी होण्याचं कारण माझ्यासारख्या आया आहेत, तेव्हा बोलते. माझी मुलगी दुसरीपर्यंत गावच्या शाळेत होती. मॅडम चांगल्या होत्या, अगदी जीव लावणाऱ्या. त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. शेजारच्या शाळेतले सर 'कामगिरीवर' म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस यायचे. मी तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. पिवळी व्हॅन दारात येते, महिन्याला पैसे जातात, शाळा काही फार भारी नाही. पण रोज भरते.

मी गेले, मग माझी जाऊ गेली. पट २३ चा १४ झाला. आता म्हणतात पट नाही म्हणून शिक्षक नाही.

खडूफळा

मी दोन शिक्षकी शाळेवर आहे. वरचं सगळं वाचलं. एकेकाला उत्तर देत बसत नाही, शाळा चालते कशी तेवढं सांगतो, कारण इथल्या बऱ्याच जणांना वाटतंय की ती शिक्षक चालवतो.

शाळा चालवते ३० सप्टेंबर ही तारीख. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे पुढे किती शिक्षकांची पदं मंजूर ते ठरतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दारोदार फिरतो. मुलाचं आधार जुळत नसेल तर ते मूल वर्गात बसलेलं असूनही हिशेबात येत नाही. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त, मग समायोजन, म्हणजे त्याला दुसऱ्या शाळेत पाठवायचं. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तर सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत गेला की तिथे शिक्षकच मंजूर नाही. शाळा बंद केली असं कुणी म्हणायचं नाही, नुसता शिक्षक द्यायचा नाही. कुलूप पालकच लावतात, वरच्या ताई लावताहेत तसं.

आता वरची उतरंड बघा. आसपासच्या काही शाळांचं मिळून एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख. अशा काही केंद्रांचा मिळून बीट, त्यावर विस्तार अधिकारी, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्ह्याला शिक्षणाधिकारी आणि सीईओ. केंद्रप्रमुखाचं पद १९९४ मध्ये निर्माण झालं ते शिक्षकाला वर्गात मदत व्हावी म्हणून. प्रत्यक्षात पदं रिकामी, आणि एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा अतिरिक्त कार्यभार. तो वर्गावर येणार कधी? तो व्हॉट्सॲपवर येतो. 'अति तात्काळ. दुपारी ३ पर्यंत लिंक भरा.' युडायस म्हणजे शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरणं, पोषण आहाराची रोजची नोंद, कुठला तरी पंधरवडा, त्याचे फोटो, फोटोत बॅनर दिसला पाहिजे. निवडणूक जवळ आली की बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम. कायद्यातच जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामं शिक्षकाला द्यायला मुभा आहे, त्यामुळे त्याबद्दल रडत नाही. बाकीच्यांबद्दल रडतो.

आणि या सगळ्या माहितीत 'तिसरीतल्या अमक्याला वाचता येतं का' हा रकाना सगळ्यात शेवटी.

माळावरचा साहेब, बहुवर्ग अध्यापन अवघड आहे, अशक्य नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून जायचे. तिथे पोरं गटात बसून, एकमेकांना विचारत शिकत होती. त्यासाठी कुणी शाळा एकत्र केल्या नव्हत्या. बीटच्या अधिकारी वर्गात जाऊन बसत होत्या, एवढंच.

माळावरचा

सर, आदर ठेवून सांगतो, हे उदाहरण नेहमी येतं. कुमठे, वाबळेवाडी, परितेवाडीचे डिसले गुरुजी. डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला याचा मलाही अभिमान आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळा साठ हजारांच्या घरात आहेत. व्यवस्था अशी हवी की साधा, प्रामाणिक, संध्याकाळी घरी जाऊन टीव्ही बघणारा शिक्षकसुद्धा पोराला वाचायला शिकवू शकेल. तुमचं बहुवर्ग अध्यापन असामान्य माणूस मागतं. एक इयत्ता, एक शिक्षक हे साध्या माणसाला जमतं.

गावोगाव मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' या पाहणीचा अहवाल घ्या. २०२४ मध्ये देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतल्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. दोन वर्षांपूर्वी १६.३ टक्के होते म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले. महाराष्ट्र सरासरीच्या पुढे आहे असं कुणी म्हणेल. आहे. पण एवढ्यावर समाधान मानायचं का?

घाटमाथा

आकडा बरोबर आहे, पण तो लहान शाळांचा नाही, सगळ्या सरकारी शाळांचा आहे. मोठ्या शाळांतली मुलंही त्यातच आली. एका इयत्तेला एक शिक्षक असलेल्या मोठ्या गावातल्या शाळेत पोरं सरसकट वाचतात, असं दाखवा, मग मी गप्प बसतो.

हिशेबनीस

आणि जवळ शाळा असली की मुलं शिकतात, हे तुम्ही दाखवा.

घाटमाथा

शिकतात की नाही ते नंतर. आधी येतात. विशेषतः मुली. पाचवीनंतर शाळा लांब गेली की आमच्याकडे मुलगा सायकलवर जातो आणि मुलगी धाकट्याला सांभाळते. याला आकडा लागत नाही, कुठल्याही वाडीत जाऊन दारं मोजा. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींसाठी आल्या त्या याच कारणाने. आणि त्याही सगळ्या तालुक्यांना नाहीत.

लाल माती

गाडीभाड्याचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. शाळा लांब असेल तर मुलामागे महिना ६०० रुपये वाहतूक भत्ता धरलेला आहे. बारा मुलांचे ७२०० झाले. आमच्या घाटात एवढ्यात कुणी रिक्षा लावून देत असेल तर कळवा, मी स्वतः त्याला श्रीफळ देईन. बरं, भत्ता महिन्याच्या महिन्याला येत नाही. रिक्षावाला डिझेल कुठून टाकणार?

माळावरचा

हा मुद्दा रास्त आहे आणि म्हणूनच मी 'भत्ता' लिहिलं नाही, 'गाडी' लिहिलं. गाडी जिल्हा परिषदेची, चालक पगारी. नाहीतर एकत्रीकरणाला माझाही विरोध.

घाटमाथा

मग तुम्ही माझ्या बाजूचेच की.

माळावरचा

मुळीच नाही. तुमच्या बाजूला गाडी आली तरी तुम्ही शाळा हलवू देणार नाही.

घाटमाथा

हो, पहिली-दुसरी तर नाहीच.

एका लेकीची आई

एक विचारू? हे ठरवणार कोण? पूर्वी जिल्हा परिषदेच्या शिक्षण सभापतींच्या दालनात जाऊन बायका भांडून यायच्या. २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक. आमच्या गटाचा सदस्यच नाही तर बोलणार कुणाशी? व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात निम्म्या बायका. कायद्यात. आमच्याकडे सह्यांचं रजिस्टर घरी येतं.

खडूफळा

ताई, रजिस्टर घरी पाठवणाऱ्यांत मीही आहे. बैठक बोलावली तर दिवसा मजुरी बुडते म्हणून कुणी येत नाही, आणि संध्याकाळी मला शेवटची एसटी गाठायची असते.

माळावरचा साहेब, तुमच्या समितीची बैठक कधी असते? आणि 'तिसरीतल्या किती मुलांना वाचता येतं' हा विषय तिथे शेवटचा कधी निघाला?

माळावरचा

गेल्या बैठकीत शौचालयाच्या दाराचा विषय होता. त्याआधी पोषण आहाराच्या तांदळाचा. वाचनाचा विषय या महिन्यात घेतो, प्रत्येक मुलाला समोर वाचायला लावून. आकडा इथे टाकीन. तो वाईट निघाला तर घाटमाथा यांनी 'शाळा हलवू नका, शिक्षक बदला' म्हणू नये, एवढीच विनंती.

घाटमाथा

मी 'रिकामं पद भरा' म्हणेन. तुम्हाला पाचवी घेणारा तिसरा माणूस मिळाला तर तुमची शाळा कुठे हलवायची आहे?

माळावरचा

१७ पोरांना तिसरा माणूस कोण देतो ते सांगा, अर्ज घेऊन उद्या जातो.