केसांसाठी योगाभ्यास: काय केले, किती महिने केले आणि प्रत्यक्षात काय झाले? (अनुभव धागा)

मागच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला. ताप आठवड्याभरात उतरला आणि मी तो विसरूनही गेले, पण डिसेंबर लागला तसा केस धुताना न्हाणीघराच्या जाळीवर एवढा पुंजका जमू लागला की पाणी तुंबायचे. घरातल्या आणि बाहेरच्या मिळून ११ जणांनी मला योगातले ११ उपाय सुचवले. त्यांतले अनुलोम-विलोम आणि भ्रामरी मी निवडले, रोज २० मिनिटे नेमाने केले आणि मार्चअखेर गळती थांबली. श्रेय कोणाला द्यायचे हे मात्र मला आजही ठरवता आलेले नाही, कारण त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते की मोठ्या तापानंतर पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात, दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात आणि बहुधा सहा महिन्यांत हे सारे आपोआप आवरते. मी काहीच केले नसते, तरी मार्च उजाडलाच असता.

म्हणून हा धागा. आपण कोणता अभ्यास केला, तो किती महिने टिकला, फरक पडला हे कशावरून ठरवले आणि त्याच काळात औषध, आहार, झोप किंवा नोकरी यांत काय बदलले होते, एवढे कृपया लिहावे. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानले जाते, त्यामुळे 'खूप गळत होते' यापेक्षा थोडे नेमके लिहिता आले तर उत्तम. फायदा झाला नसेल, तर तेही आवर्जून लिहावे, कारण ज्यांना गुण येत नाही ती मंडळी सहसा गप्प बसतात. तेलाच्या बाटल्या विकणाऱ्यांनी येथे न आलेलेच बरे.

ठाणे, वय ३४, दोन मुलांची आई

माझ्याकडे योगायोगाने तुलनेला जागा आहे. पहिल्या बाळंतपणानंतर चौथ्या महिन्यात केस गळू लागले, ते दुपट्यावर, भाताच्या घासात आणि बाळाच्या मिटलेल्या मुठीतही सापडत. त्या वेळी योग वगैरे काहीच केले नाही, कारण दोन वेळा जेवायची मारामार होती. दुसऱ्या खेपेस आईने हट्टाने योगवर्गात घातले आणि दीड महिन्यानंतर डॉक्टरांच्या परवानगीने मी सुलभ आसने, अनुलोम-विलोम आणि दुपारी बाळ निजले की योगनिद्रा असा क्रम सुरू केला. गळती दोन्ही वेळा चौथ्याच महिन्यात सुरू झाली आणि दोन्ही वेळा मूल वर्षाचे होईतो भांगाच्या कडेने नवी लव उभी राहिली. फरक एकच पडला. पहिल्या वेळी मी दर रविवारी गळलेले केस पांढऱ्या कागदावर मांडून मोजत असे आणि मोजता मोजता रडत असे. दुसऱ्या वेळी मोजलेच नाहीत. हा योगनिद्रेचा गुण की दुसऱ्या बाळंतपणाचा अनुभव, हे मी सांगू शकत नाही.

पुणे, वय २९, संगणक क्षेत्रात नोकरी

मी १४ महिने नखे घासली. दूरचित्रवाणीवरच्या योगशिबिरांच्या काळापासून आमच्या घरात हा उपाय प्रमाण मानला जातो. अंगठे वगळून दोन्ही हातांच्या आठ बोटांची नखे एकमेकांवर सकाळ-संध्याकाळ १० मिनिटे घासायची, याला बालायाम असे भारदस्त नाव आहे. नखांच्या मुळाशी असलेल्या नसांचा केसांच्या मुळांशी संबंध आहे, असे त्यामागचे म्हणणे. कार्यालयाच्या बैठकीत कॅमेरा बंद करून मी घासत बसे, पण एकदा ध्वनी बंद करायचा राहिला आणि 'कोणाकडे उंदीर आहे का?' असा प्रश्न साहेबांनी सर्वांसमक्ष विचारला.

दर महिन्याच्या १ तारखेला स्नानगृहातल्या त्याच दिव्याखाली मी डोक्याचे छायाचित्र घेत होतो. त्यामुळे स्वतःची समजूत काढायला फारशी जागा उरली नाही. १४ छायाचित्रे ओळीने लावली, तेव्हा कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले आणि टाळूवरची विरळ जागा रुंदावलेली स्पष्ट दिसली. वडील आणि मामा दोघांनाही तिशीतच टक्कल पडलेले असल्याने निदानाला डॉक्टरांना पाच मिनिटेही लागली नाहीत. या आनुवंशिक टकलाच्या प्रकारात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे केसांची मुळे हळूहळू आक्रसतात आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो. सध्या मिनॉक्सिडिल लावतो. पहिले काही आठवडे गळती उलट वाढली, हे सांगून ठेवलेले बरे, नाहीतर माणूस घाबरून सोडून देतो. आता वर्षभरात गळती थांबली आहे, थोडे केस दाटही झाले आहेत, पण औषध सोडले की काही महिन्यांत हा लाभ जातो, हेही मला स्वच्छ सांगण्यात आले आहे. नखे घासण्याने अपाय काही झाला नाही. गेली ती १४ महिन्यांची वेळ, आणि याच दुखण्यात वेळ महत्त्वाची असते.

नाशिक, वय ५८, योगशिक्षिका

गेली २८ वर्षे मी वर्ग घेते आणि 'केसांसाठी कोणते आसन?' हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या समजुतीला ग्रंथाचा आधारच नाही असे म्हणता येणार नाही. हठयोगप्रदीपिकेच्या तिसऱ्या उपदेशात विपरीत करणीचे (पाय वर आणि डोके खाली अशा स्थितीचे) फळ सांगताना सहा महिन्यांनंतर 'वलित' आणि 'पलित', म्हणजे सुरकुत्या आणि पिकलेले केस, दिसेनासे होतात असे म्हटले आहे. हे वचन सांगणारे पुढची ओळ सहसा गाळतात. त्या ओळीत हा अभ्यास रोज एक याम करावा असे आहे, आणि याम म्हणजे प्रहर, तीन तास. शिवाय तेथे केस पिकण्याबद्दल लिहिले आहे, गळण्याबद्दल नाही.

डोके खाली केले की टाळूला रक्त जास्त जाते आणि त्यामुळे केस वाढतात, हा युक्तिवाद ऐकायला सोपा आहे. मीही तो कित्येक वर्षे वर्गात सांगत होते. मग एका विद्यार्थ्याने केशरोपण करून घेतले. त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूचे केस काढून पुढच्या तुळतुळीत भागात लावले आणि ते तेथे व्यवस्थित वाढले. माती तीच, पाणी तेच, फक्त रोप दुसरे. पुढच्या भागाला रक्त कमी पडत असते, तर हे केस तेथे जगलेच नसते. त्या दिवसापासून मी तो युक्तिवाद सोडला.

शीर्षासनाबद्दल माझा आग्रह आहे की केसांसाठी म्हणून ते कोणीही करू नये. त्या स्थितीत डोळ्यांतला दाब जवळपास दुपटीने वाढतो, म्हणून काचबिंदू असणाऱ्यांना ते वर्ज्य आहे, आणि मानेच्या मणक्यांचा त्रास किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनीही त्याच्या वाटेला जाऊ नये. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी घरी भिंतीला टेकून, केवळ केसांच्या आशेने, उशीवर शीर्षासन सुरू केले होते. केस होते तितकेच राहिले आणि मान मात्र तीन महिने पट्ट्यात राहिली. उशी मऊ असते, डोके तीत रुतते आणि मान कलते, एवढी साधी गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. ज्यांना काही करायचेच आहे, त्यांना मी खुर्चीच्या बैठकीवर घडी घातलेले कांबळे ठेवून त्यावर कपाळ टेकवत उत्तानासन करायला लावते, भिंतीवर पाय टेकवून पडून राहायला सांगते आणि शवासन देते. याने झोप सुधारते. केसांचे वचन मी देत नाही.

धागाकर्ती

नाशिकच्या ताईंचे आभार. 'माती तीच, रोप दुसरे' हे मी आता त्या ११ जणांना ऐकवणार आहे. ताणतणाव आणि केस यांचा संबंध तरी खरा आहे का, यावर कोणी जाणकाराने लिहावे.

मुंबई, औषधनिर्माणशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका

संबंध आहे, पण तो ताणून सांगितला जातो. २०२१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले. त्यात दीर्घ ताणाच्या काळात वाढणारे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक केसांच्या मुळांतील मूलपेशींना विश्रांतीच्या अवस्थेत अडवून धरते, असे दिसले. हे संप्रेरक तयार करणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांत मात्र केसांचे चक्र भरभर फिरू लागले. माणसात कॉर्टिसॉल हे त्याच्या जोडीचे संप्रेरक. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि प्राणायामाने केस उगवतात असे त्या कामात कोठेही म्हटलेले नाही. मधल्या पायऱ्या आपणच जोडतो.

सांगली, वय ४१, प्राथमिक शिक्षिका

माझा अनुभव थोडा कडू आहे. शेपटा इतका बारीक झाला की गॅदरिंगच्या दिवशी मी आईचे जुने गंगावन लावून गेले. ज्या वर्गात जात होते, तेथल्या शिक्षकांनी 'शरीरात उष्णता आहे, कपालभाती वाढवा' असे सांगितले, आणि मी वर्षभर रोज ३०० आवर्तने करत राहिले, पाळीच्या दिवसांतही, जे करू नये असे मला पुढे दुसऱ्या एका शिक्षिकेने सांगितले. जिना चढताना धाप लागे, तर तीही 'शुद्धी' म्हणून खपून गेली. शेवटी शाळेच्या आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन ८.२ निघाले आणि नंतर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासले, ते ९. पाळीचा अतिस्राव आणि त्यातून लोहाची कमतरता, इतके सरळ कारण होते. गोळ्या, त्या चहासोबत न घेण्याची सवय आणि स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार यांनी आठ महिन्यांत शेपटा पुन्हा मुठीत येऊ लागला. मी आजही योग करते आणि मला तो आवडतो. राग आहे तो 'रक्त तपासून घ्या' हे तीन शब्द त्या वर्गात वर्षभर कोणीच न उच्चारल्याचा.

खामगाव, वय ४५

सांगलीच्या बाईंच्या मुद्द्याला जोड म्हणून लिहितो. २०२५ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस दोन-चार दिवसांत झपाझप गळून टक्कल पडू लागले, हे सर्वांनी वाचले असेल. त्या दिवसांत आमच्या नातेवाइकांच्या गटात कपालभातीपासून कांद्याच्या रसापर्यंत सर्व उपाय फिरले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाण्यातल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार असल्याकडे लक्ष वेधले. जे कारण पोटातून येत असेल, त्यावर नाकाने श्वास घेऊन काय होणार?

रत्नागिरी, वय ३७

मला चाई लागली होती, मानेच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढी. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटल्याने हे होते. त्या जागी स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली, तीन महिन्यांनी केस आले, ते आधी पांढरे आणि मग हळूहळू काळे. भ्रामरी करत होतो, पण ती इंजेक्शनाच्या भीतीसाठी, आणि त्या कामी ती उपयोगी पडली.

मूळची लातूरची, सध्या पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी, वय २५

येथे लिहावे की नाही, याचा चार दिवस विचार केला. माझे केस गळत नव्हते, मी ते उपटत होते. अभ्यासिकेत वाचताना डावा हात आपोआप कानाच्या वर जाई, एक जाडसर, खरखरीत केस शोधी आणि ओढून काढी. पुस्तकाच्या घडीत संध्याकाळपर्यंत ३०-४० केस साठलेले असत. कानावर सुपारीएवढी जागा मोकळी झाली, तेव्हा मी ती ओढणीने झाकू लागले आणि मैत्रिणींना 'पाणी बदललं ना' असे सांगू लागले. याला वैद्यकीय नाव आहे, ट्रायकोटिलोमेनिया, हे समुपदेशकांकडे गेल्यावर कळले.

त्यांनी सांगितलेले पहिले काम उपटणे थांबवण्याचे नव्हतेच, हात उठतो कधी हे ओळखण्याचे होते. आणि येथे मला योगवर्गात शिकलेले श्वासाकडे पाहणे कामास आले. पूर्वी ते मला निव्वळ कंटाळवाणे वाटे. रोज सकाळी १५ मिनिटे डोळे मिटून बसायचे, श्वास आत आला, बाहेर गेला, एवढेच पाहायचे, आणि हात हलावासा वाटला तर तेही पाहायचे. साधारण सहा आठवड्यांनी पहिल्यांदा असे झाले की हात खांद्यापर्यंत आला आणि मला कळले. कळले की मूठ घट्ट मिटायची, दहा श्वास मोजायचे आणि मगच पान उलटायचे. समुपदेशन चालू होते, त्यामुळे एकट्या योगाचे हे फळ, असे मी म्हणणार नाही. पूर्वपरीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात सगळे पुन्हा बिघडले होते.

वहीच्या मागच्या पानावर मी रोज रेघा ओढते, एका केसाला एक रेघ. जूनमधल्या एका दिवसाच्या ३८ आहेत. या आठवड्याच्या सर्व मिळून ४, त्यांतल्या ३ गुरुवारच्या, कारण गुरुवारी सराव परीक्षेचा निकाल लागला. कानावरचे केस सध्या बोटाच्या पेराएवढे आहेत, वेणीत बसत नाहीत, तेल लावले तरी उभेच राहतात.