मदत हवी आहे: मंदीत वाहनव्यवसायाने सरकारकडे आधी काय मागावे?

नमस्कार. मी एका वाहनविक्रेत्याकडे हिशेबाचे काम पाहतो. विक्री घसरली की शोरूममधील कंत्राटी कर्मचारी आणि वर्कशॉपमधील शिकाऊ मुले सर्वांत आधी घरी बसतात, हे मी जवळून पाहिले आहे. आम्ही काही सहकारी सरकारला द्यायचे निवेदन लिहीत आहोत. परंतु त्यातील पहिली मागणी कोणती असावी, यावर आमचे एकमत होत नाही.

बहुतेकांचा कल जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला अनुदान देण्याकडे आहे. २००९ च्या मंदीत जर्मनीने किमान ९ वर्षे जुन्या गाडीमागे २,५०० युरो दिले आणि ५ अब्ज युरोंचा निधी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपला. त्या वर्षी तेथे सुमारे ३८ लाख नव्या गाड्यांची नोंदणी झाली, ती पुढील वर्षी सुमारे २९ लाखांवर आली. पुढे येणारे ग्राहकच आधी येऊन गेले असावेत, असे मला वाटते. ब्रिटनने २,००० पौंडांच्या सवलतीचा निम्मा भार उत्पादकांवर टाकला होता. ती विभागणी मला अधिक न्याय्य वाटते.

माझी खरी काळजी मात्र वर्कशॉपची आहे. अमेरिकेच्या त्याच वर्षीच्या योजनेत जमा झालेल्या गाड्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेटचे द्रावण घालून ती कायमची निकामी करावी लागत. सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या अशा रीतीने रस्त्यावरून कायमच्या हटल्या. जुन्या गाडीवरच दुरुस्ती करणारा, सुटे भाग विकणारा आणि वापरलेल्या गाड्यांचा व्यापारी जगतो. नवी गाडी वॉरंटीच्या काळात त्यांच्या दारात क्वचितच येते. शिवाय तेथे विक्रेत्याने ग्राहकाला सवलत आधी द्यायची आणि सरकारकडून पैसे नंतर घ्यायचे, अशी पद्धत होती. परतावा लांबला की खेळते भांडवल अडकते आणि पगार थकतात, हे हिशेब लिहिणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा मार्ग वेतनसाहाय्याचा. जर्मनीत काम कमी झाल्यास मालक कामाचे तास घटवतो आणि कर्मचाऱ्याच्या बुडालेल्या निव्वळ वेतनाचे ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के, बेरोजगारी विम्याच्या यंत्रणेतून मिळतात. नोकरी टिकते, शिकलेला मेकॅनिक दुसरीकडे जात नाही. मी स्वतः हीच मागणी पहिली ठेवण्याच्या बाजूने आहे.

अर्थशास्त्राचा किंवा कामगार कायद्याचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सांगावे: विमा यंत्रणेत नोंदच नसलेल्या कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांपर्यंत असे साहाय्य कसे पोहोचवता येईल? आणि अनुदान मागायचेच झाले, तर परताव्याची मुदत व वर्कशॉपमधील रोजगार टिकवण्याची अट निवेदनात कोणत्या शब्दांत मांडावी? मसुदा याच आठवड्यात पूर्ण करायचा आहे.