जुन्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असला तरी...
शिक्का स्टुडिओचा म्हणजे फोटोचा कॉपीराइटही स्टुडिओचाच, आणि तोही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा, आणि त्याआधीच्या १९११ च्या कायद्यातही तसंच होतं. आजी-आजोबांच्या १९५१ मधल्या लग्नाच्या फोटोच्या परवानगीसाठी मी उगाच बंद पडलेल्या स्टुडिओवाल्याच्या नातवाला शोधत फिरलो, तो म्हणाला अहो काका, घेऊन टाका की!

तसंही १९५८ आधीच्या फोटोंना निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षंच कॉपीराइटची मुदत, म्हणजे आमचा तो फोटो केव्हाच मोकळा झालेला. छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हे २०१२ च्या दुरुस्तीतून आलंय, मुदत आधीच संपलेल्या फोटोंना ते कशाला लावताय?