मदत हवी आहे: हॉजकिन-हक्स्ली मॉडेलमधला माकूल (स्क्विड) कोकणच्या पाण्यात का चालत नाही?

नमस्कार. मी रत्नागिरीत बीएस्सीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून पायथनमध्ये हॉजकिन-हक्स्ली मॉडेल करून घेतेय आणि एका ठिकाणी अडकले आहे.

ज्यांना हे मॉडेल माहीत नाही त्यांच्यासाठी: चेतापेशीत विजेचा संदेश कसा उठतो, याचं हे गणित. पेशीचं पटल म्हणजे एक कपॅसिटर, आणि त्याला समांतर तीन वाटा, सोडियमची, पोटॅशियमची आणि गळतीची. झटका बसला की सोडियमची दारं भसकन उघडतात आणि विभव उणे ६५ मिलिव्होल्टवरून अधिक ४० च्या आसपास उसळतं. मग सोडियमची दारं आपोआप मिटतात, पोटॅशियमची सावकाश उघडतात आणि विभव खाली येतं. ही उसळी अ‍ॅक्सॉनवरून, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूवरून, पुढे सरकत जाते, तोच संदेश. १९५२ साली माकुलाच्या जाड अ‍ॅक्सॉनवरच्या मोजमापांतून हे सगळं चार समीकरणांत बसलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्स्लींनी ती हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर सोडवली. हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता.

६.३ अंश सेल्सिअसला, म्हणजे मॉडेलच्या मूळ तापमानाला, आमचा प्रोग्रॅम छान चालतो. एक मिलिसेकंदभर, दर चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोअँपिअरचा झटका दिला की आलेखात त्या उसळीचं सुरेख टोक येतं. पण वर्गात एक मुलगा आहे, घरची होडी असलेला. त्याने विचारलं, "मॅडम, मिरकरवाडा बंदरात उतरतो तो माकूल २८-२९ अंशांच्या पाण्यातला. मग आपण ६.३ का घेतलंय?" मी म्हटलं, बदलून बघ.

नियमाप्रमाणे दर १० अंशांना दारांचा वेग तिप्पट होतो, म्हणजे २८ अंशांना जवळपास ११ पट. तापमान वाढवत नेलं तसं टोक अरुंद आणि बुटकं होत गेलं. २८ ला ते चांगलंच खुजं दिसतं, आणि झटका थोडा कमी केला की तेवढंही उरत नाही. ३७ ला तर नुसता उंचवटा येतो आणि विरतो. खरा माकूल मात्र त्याच पाण्यात झपकन पळतो!

आधी वाटलं, गणिताची पायरी मोठी असेल. ०.०२५ मिलिसेकंदाची पायरी ३७ अंशांना खरंच कोसळत होती, एमची (सोडियमची दारं किती उघडी ते सांगणारी, शून्य ते एकमधली) किंमत एकच्या वर जात होती. ती ०.००१ केली. आलेख गुळगुळीत झाला, टोक काही आलं नाही. उणे ४० आणि उणे ५५ मिलिव्होल्टला समीकरणांत शून्य भागिले शून्य येतं, तेही सांभाळलंय. मूळ लेखातली चिन्हं आजच्या पद्धतीच्या उलट आहेत, तीही तपासून झाली.

तर प्रश्न असा: चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये आहे की मॉडेलच इथे थांबतं? आणि कोकणातला माकूल दाखवायचा तर नेमकं काय बदलायचं? नुसतं "मॉडेल जुनं आहे" असं त्या मुलाला सांगून माझं समाधान होणार नाही.

प्रतिसाद:
ताई, प्रोग्रॅम बरोबर आहे. ही शर्यत आहे. तापमानाने दारं वेगवान होतात, पण कपॅसिटन्स तेवढाच राहतो. पटल भारित व्हायला लागणारा वेळ हटत नाही आणि तोवर सोडियम मिटून पोटॅशियम उघडलेलं असतं. थंडीत पोटॅशियम मागे रेंगाळतं म्हणून टोकाला वाव मिळतो.

दोन गोष्टी करून बघा. एक, सोडियम आणि पोटॅशियम या दोन्हींच्या कमाल वाहकतांनाही तापमानाचा सौम्य गुणक लावा, दर १० अंशांना साधारण १.५. तुम्ही फक्त दारं पळवली आहेत. दोन, पोटॅशियमची कमाल वाहकता मॉडेलमधल्या ३६ वरून खाली आणा. हा मनमानी बदल नाही. निवासाच्या तापमानात २० अंशांपर्यंत फरक असलेल्या चार जातींच्या माकुलांची अ‍ॅक्सॉन्स तपासली गेली आहेत. जात जितकी उबदार पाण्यातली, तितका टोकाचा उतार सावकाश. निसर्गाने तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दिलंय. मात्र पोटॅशियम कमी केलं की विराम विभव, म्हणजे शांत पेशीचं विभव, वर सरकतं. गळतीचं विभव जरा खाली घेऊन ते परत उणे ६५ वर आणा, नाहीतर पेशी झटक्याविनाच ठोके द्यायला लागेल.

३७ अंशांसाठी हे मॉडेल ताणू नका. सस्तन प्राण्यांच्या पेशींची मॉडेल्स वेगळी आहेत, दारांचे स्थिरांक तिथल्याच मोजमापांतून घेतलेली.

धागाकर्ती:
मनापासून आभार. कपॅसिटन्स तेवढाच राहतो, हे माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं आणि मी भौतिकशास्त्राची! वाहकतेचा गुणक लावला, २८ ला टोक लगेच उंच झालं. पोटॅशियमचा आकडा मी ठरवणार नाही. ३६ पासून एकेक पायरी खाली उतरत विराम विभव कुठे सुटतं, हे सोमवारी तो मुलगाच शोधेल. त्याचा आलेख इथे टाकते.