मदत हवी आहे: गोधडीत शिवलेली आठवण कुणी परत मागितली तर?

नमस्कार मंडळी,

मी चित्रकार आहे, पण गेली काही वर्षं कापडावरच काम करते. दोन वर्षांपूर्वी एक सामूहिक गोधडी सुरू केली. घरातलं जुनं लुगडं, धोतर, परकर, शाळेचा सदरा, जे असेल त्यातला वीतभर चौकोन पोस्टाने पाठवायचा आणि त्या कापडाची आठवण वेबसाइटवर लिहायची किंवा बोलून पाठवायची. आतापर्यंत चारशेच्या आसपास तुकडे आले. गावातल्या सहा बायका माझ्यासोबत शिवायला बसतात, त्यांना मी रोजाने पैसे देते. प्रत्येक तुकड्याला नंबर आहे आणि त्याच नंबरावर वेबसाइटवर त्याची आठवण सापडते.

गेल्या महिन्यात एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या भाचीने आजीच्या नऊवारीचा तुकडा आणि आजीच्याच आवाजातली आठवण पाठवली होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सासरी उपाशी झोपावं लागायचं, त्याबद्दल आजी बोलल्या आहेत. आजी आता नाहीत. मामांचं म्हणणं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायला आम्हाला कुणी विचारलं नाही. भाची सांगते, आजीनेच पाठव म्हणून आग्रह धरला होता. मी दोघांशीही बोलले, दोघंही रडले. रेकॉर्डिंग त्याच दिवशी तात्पुरतं काढलं.

पण तुकड्याचं काय करू? गोधडीचा धावदोरा कडेपासून आत फिरत जातो. मधला एक चौकोन उसवायचा तर आजूबाजूचे टाकेही तुटणार, आणि त्या तुकड्यांमागे दुसऱ्या घरांच्या आठवणी आहेत. शिवणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यावर दुसरं कापड लावू, आतलं आत राहील. मला हे पटतंय, तरी मामांना ते फसवल्यासारखं वाटेल का, ही धास्ती आहे.

चूक माझ्या फॉर्ममध्ये आहे हे आता कळतंय. तिथे ‘मी सहमत आहे’ एवढा एकच चौकोन होता. बोलणारी व्यक्ती एक, कापड दुसऱ्याचं, पाठवणारी तिसरीच, हे मी धरलंच नव्हतं. अमेरिकेत एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ केलेली मोठी गोधडी 1987 साली वॉशिंग्टनला पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात 1,920 पट्टे होते. प्रत्येक पट्टा तीन फूट बाय सहा फूट, आणि असे आठ जोडून बारा फुटांचा एक चौरस. या प्रकल्पाची प्रेरणा मला तिथूनच मिळाली, पण ती तुकड्यातुकड्यांनी बांधलेली आहे, याकडे माझं लक्षच गेलं नाही. पुढची गोधडी अशी सुट्या चौरसांची करावी का? मग ती गोधडी राहील का, की नुसती जोडलेली चादर होईल? गोधडी शिवणाऱ्यांनी यावर जरूर सांगा.

वेबसाइटच्या अडचणी थोडक्यात. वयस्कर बायका फॉर्म भरत नाहीत, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतात. ते सगळं मी हाताने चढवते आणि दीडशे आठवणी अजून पडून आहेत. त्या फाइल काहींच्या आयफोनवर वाजत नाहीत, म्हणून आता एमपीथ्री करून टाकते. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कुणी चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. ‘लुगडं’ शोधलं तर ‘लुगडे’ सापडत नाही. वेबसाइट वर्डप्रेस वापरून केली आहे, तिथे यासाठी काही करता येतं का?

विचारायचं ते हे:

संमती बोलणारीची, कापडवाल्याची आणि पाठवणाऱ्याची वेगवेगळी घ्यायची तर साध्या मराठीत मजकूर कसा असावा? लिहिता न येणाऱ्या आजींची संमती त्यांच्याच आवाजात घेतली तर चालेल का? माणूस गेल्यावर त्याच्या आवाजावर कुणाचा शब्द शेवटचा? लोकसाहित्य किंवा मौखिक इतिहास गोळा करणाऱ्यांनी आपले अनुभव लिहावेत. कुणी वकील असतील तर कायद्याची बाजूही सांगा.

भर: वेबसाइटवरच्या कापडांच्या फोटोंतून पाठवणाऱ्याचं घर कळू शकतं का, असं खाली एका ताईंनी विचारलंय. हो, मोबाइलच्या फोटोत घराचं ठिकाण साठवलेलं असू शकतं, हे मलाही उशिरा कळलं. वेबसाइटवरच्या सगळ्या फोटोंमधली ती माहिती पुसली आहे. तुमच्याकडे असा काही उपक्रम चालू असेल तर आजच तपासा.

मामांना रविवारी घरी बोलावलंय, गोधडी दाखवायला. त्याआधी कुणी काही सुचवलं तर फार आधार होईल.