अंबाझरी, फुटाळा हे नैसर्गिक तलाव नाहीत

वर एका भाऊंनी लिहिलंय की नागपूरचे अंबाझरी न फुटाळा हे लोणारसारखेच नैसर्गिक तलाव आहेत. नाही हो, लोणार उल्का आदळून बेसॉल्टात पडलेला खड्डा आहे, जवळपास १.८ किमी व्यासाचा, आणि आपले हे दोन्ही तलाव बांध घालून पाणी अडवलेले आहेत. अंबाझरी तर नाग नदीवरच आहे. नाग पश्चिमेकडच्या लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, शहर ओलांडून पूर्वेला कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेत, वैनगंगा वर्धेला मिळाली की प्राणहिता आणि ती शेवटी गोदावरीत, म्हणजे नागपूरच्या धरमपेठेत पडलेला पाऊस बंगालच्या उपसागराला लागतो!

आणखी एक गोष्ट कोणी बोललं नाही. नागपूर दख्खनच्या लाव्हा पठाराच्या अगदी पूर्व काठावर आहे, सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स ही सगळी बेसॉल्टची, पण भंडाऱ्याकडे निघालं की तो खडक संपतो न खालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट-नाइस सारखा कठीण दगड वर येतो. त्यात पाणी मुरत नाही फारसं, म्हणून भंडारा-गोंदियात जागोजागी मामा (माजी मालगुजारी) तलाव, धानाची शेती त्यांच्यावरच चालते, आणि ते बांधणारे कोहळी लोक उताराची काय जबरदस्त जाण असलेले असतील!

बांध घातला म्हणून नदीचा उतार काही बदलत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओव्हरफ्लो झाला तेव्हा पाणी नागच्या काठच्या वस्त्यांतच घुसलं. पात्राजवळ प्लॉट घेणाऱ्यांनी आधी नकाशावर नाला कुठून जातो ते बघा, प्लीज.