एकमत, सहमती, तडजोड : नेमका शब्द कोणता?

भाषांतरवही (नाशिक)

नाशिकमधील एका स्वयंसेवी गटासाठी मी एका प्रशिक्षण-पुस्तिकेचे मराठीकरण करीत आहे. रस्ता, पाणी, कचरा, बाजार समितीतील व्यवहार अशा सार्वजनिक प्रश्नांवर, तसेच संस्थांच्या अंतर्गत वादांवर, सर्व संबंधितांना एकत्र बसवून मार्ग कसा काढावा, हा तिचा विषय आहे. ‘निगोशिएशन’ आणि ‘कन्सेन्सस’ हे शब्द त्यात पानोपानी येतात. पहिल्यासाठी मी ‘वाटाघाटी’ व दुसऱ्यासाठी ‘एकमत’ असे लिहिले, परंतु कच्चा खर्डा वाचून दाखवला तेव्हा गटातील एका द्राक्ष-बागायतदारांनी विचारले, “सगळ्यांचे एकमत असते तर बैठक बोलावली कशाला असती?” प्रश्न वरवर विनोदी वाटला तरी त्याने माझी दहा पाने रद्द केली. एकमत, मतैक्य, सहमती, संमती, सर्वानुमत या शब्दांत आपण प्रत्यक्ष वापरात काय फरक करतो, आणि ‘तडजोड’ हा शब्द या विषयात घ्यावा की टाळावा, यावर जाणकारांनी लिहावे.

सातपूरकर

ताई, माझी उमेद कामगार संघटनेच्या कामात गेली, त्यामुळे मी कारखान्याच्या दारातले शब्द सांगतो. आमच्याकडे ‘वाटाघाटी’ नेहमी अनेकवचनी असतात आणि त्यांना घासाघिशीचा वास असतो: युनियन जास्तीचा आकडा टाकणार, व्यवस्थापन कमीचा, आणि मग दोघे सरकत सरकत मध्ये येणार. ‘बोलणी’ हा त्यापेक्षा मोकळा शब्द आहे. बोलणी सुरू होतात, लांबतात, फिसकटतात, पुन्हा जुळतात. लग्नाच्या बैठकीपासून पगारवाढीपर्यंत तो सगळीकडे चालतो आणि त्यात कोणी कोणाला वाकवले असा भाव येत नाही.

‘समेट’ मात्र आमच्यासाठी कायद्याचा शब्द. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली कामगार खात्याचा जो अधिकारी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवीत असे, त्याला मराठीत ‘समेट अधिकारी’ म्हणत. त्याला निकाल देण्याचा अधिकार नसे, केवळ मन वळवण्याचा असे. तरीही त्याच्यासमोर झालेला करार त्या कारखान्यातील सर्व कामगारांना, अगदी युनियनचे सभासद नसलेल्यांना आणि नंतर भरती होणाऱ्यांनाही, लागू होई. उलट त्याच्यावाचून परस्पर झालेला करार फक्त सही करणाऱ्यांना बांधील असे. समेट करताना सही कोणाची आणि बंधन कोणावर, हा प्रश्न तुमच्या पुस्तिकेत यायला हवा, कारण सार्वजनिक वादात पाच पुढारी बंद खोलीत समेट करतात आणि उरलेले पाचशे लोक दुसऱ्या दिवशी तो मोडतात.

वर्तमानपत्री ‘तोडगा’ शक्यतो वापरू नये, असे माझे मत आहे. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावल्यानंतर सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, तेव्हा ‘तोडगा निघेना’ हेच शब्द रोज वाचायला मिळत होते. तोडगा म्हणजे मुळात दृष्ट किंवा दुखणे उतरवण्याचा मंत्रतंत्राचा उपाय. तो कोणीतरी जाणता बाहेरून देतो. बसून, बोलून, सर्वांनी मिळून घडवलेल्या गोष्टीला हे नाव शोभत नाही.

जुने दप्तर

मोडी कागद वाचणाऱ्याच्या दृष्टीने थोडी भर घालतो. मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतसभेपुढे (गावातील वतनदार व जाणत्यांच्या सभेपुढे) वा पंचांपुढे येई, तेव्हा वादी आणि प्रतिवादी दोघांकडून ‘पंच सांगतील ते मान्य करू’ असा राजीनामा घेतला जाई. राजी असल्याचा लेख तो राजीनामा. आज आपण नोकरी सोडण्याच्या चिठ्ठीला राजीनामा म्हणतो आणि त्या शब्दाच्या पोटात एकेकाळी ‘मान्यता’ होती, हे साफ विसरतो. निर्णय झाला की सभेच्या साक्षीने महजर, म्हणजे निर्णयाचा लेख, होई, आणि हरलेल्या पक्षाकडून ‘येजितखत’ लिहून घेतले जाई, म्हणजे आपण हरलो अशी लेखी कबुली.

या दोन कागदांतील अंतर मला महत्त्वाचे वाटते. राजीनामा वादाच्या आधी आहे आणि तो कार्यपद्धतीला दिलेला आहे. येजितखत वादाच्या शेवटी आहे आणि ते निकालापुढे टेकलेले आहे. भाषांतरवही ज्या प्रक्रियेबद्दल लिहीत आहेत तिच्यात पहिला कागद अवश्य हवा, म्हणजे कोण बसणार, कोणती माहिती सर्वांपुढे ठेवणार, निर्णय कसा झाला असे मानणार, हे आधी ठरवून घेणे. दुसरा कागद मात्र कोणाकडूनच लिहून घ्यायचा नाही.

‘दिलजमाई’ हा फारसीतून आलेला शब्दही येथे आठवतो, पण तो जपून वापरावा. दिल जमा होणे म्हणजे मन स्थिरावणे. मराठीत त्याचा अर्थ दुरावलेली मने पुन्हा जुळणे असा झाला. पाणी वाटून घेणाऱ्या दोन गावांची मने जुळलीच पाहिजेत असे नाही, त्यांची वेळापत्रके जुळली तरी पुष्कळ आहे.

दिंडोरीचा पाटकरी

बागायतदारांचा प्रश्न वाचून बरे वाटले. आमच्या पाणीवापर संस्थेच्या इतिवृत्तात ‘ठराव एकमताने मंजूर’ असे छापील वाक्य असते, आणि सभेत तर तासभर भांडण झालेले असते. प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. उन्हाळी आवर्तनाची, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळीची, तारीख ठरवताना टोमॅटोवाल्याला पाणी लवकर हवे असते आणि द्राक्षवाल्याला एप्रिलच्या छाटणीच्या हिशोबाने हवे असते. शेवटी एखादी तारीख पुढे येते, आणि जो सर्वांत जास्त बोलत होता तो म्हणतो, “ठीक आहे, माझी हरकत नाही.” त्या क्षणी सभा संपते. त्याचे मत बदललेले नसते. त्याने ते मत बाजूला ठेवून निर्णय चालवून घ्यायचे कबूल केलेले असते. तेव्हा माझ्या मते ‘माझेही तेच मत’ हे एकमत, आणि ‘माझी हरकत नाही’ ही सहमती.

पण ‘हरकत नाही’ खरी आहे की थकून आलेली आहे, हे ओळखणारा माणूस सभेत असावा लागतो. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात ओझरच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी १९९१ मध्ये पहिल्या पाणीवापर संस्था काढल्या. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने त्यासाठी किती बैठका घेतल्या असतील याची गणतीच नाही. कालव्याच्या मुखाकडचा शेतकरी सहज म्हणतो, “सगळ्यांना मान्य आहे”, कारण त्याच्या शेतात पाणी आधीच पोहोचलेले असते. शेपटाकडचा माणूस गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे इतिवृत्तात संमती म्हणून लिहिले जाते. पाणी घनमापनाने मोजून मिळू लागले तेव्हा हा वाद बराच निवळला, कारण कोणाला किती मिळाले हे मापाने दिसू लागले आणि भांडणाऱ्याच्या आवाजाचे महत्त्व कमी झाले. म्हणून पुस्तिकेत शब्दांइतकीच जागा मोजमापालाही द्यावी, ही विनंती.

कोर्टाची पायरी

कायद्यातील भेद थोडक्यात सांगतो. मध्यस्थ दोन्ही बाजूंना स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला मदत करतो. लवाद निर्णय देतो. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालील लोकअदालतीत पक्षकारांची तडजोड झाली तर तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील चालत नाही. २०२३च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची स्वतंत्र तरतूद आहे. एखाद्या परिसरातील शांतता बिघडवू शकणारा वाद, संबंधितांची आधी संमती घेऊन, तीन मध्यस्थांच्या मंडळापुढे नेता येतो, परंतु तेथे झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येत नाही. आपली पुस्तिका बहुधा याच प्रकारात मोडते, त्यामुळे तिच्यात ‘निवाडा’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नये.

गंमत अशी की लवादही कधीकधी सहमतीचीच नोंद करतो. आपल्या गोदावरीचेच उदाहरण घ्या. १९६९ मध्ये नेमलेल्या, ‘बच्छावत लवाद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा १९८० मध्ये आला, तेव्हा त्याचा गाभा राज्यांनी दरम्यानच्या काळात एकमेकांशी केलेल्या करारांचाच होता. नाव निवाड्याचे, आत मजकूर बोलण्यांचा.

पंचवटीकर

‘तडजोड’ हा शब्द टाळावा असे कोणाचे मत असेल तर त्याच्याशी मी सहमत नाही, जरी मला एकमत व्हायला आवडले असते. तोडणे आणि जोडणे या दोन्ही क्रिया मला त्या शब्दात ऐकू येतात: काहीतरी तोडावे लागते तेव्हाच दुसरे काही जोडता येते. ‘तत्त्वाशी तडजोड’ या वाक्प्रचाराने शब्दाला काळिमा लावला हे खरे, पण न्यायालयात आजही ‘तडजोड पुरसिस’ (वाद आपसात मिटल्याचे लेखी निवेदन) दाखल होते आणि तिला कोणी कमीपणा मानत नाही.

तरीही नाशिककराने हा शब्द वापरताना एक आठवण जवळ ठेवावी. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पुढच्या महिन्यात रामरथाचा दिवस आला, तेव्हा स्पृश्य व अस्पृश्य अशा दोन्हींकडच्या माणसांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती. ९ एप्रिलला ती पाळली गेली नाही, ठरलेल्या लोकांना हात लावू न देता रथ पुढे नेण्यात आला, दगडफेक झाली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील तो लढा पुढे काही वर्षे चालला. तेथे शब्दाचा दोष नव्हता. ज्यांच्या हातात दोर होता त्यांनी ठरलेले मोडले, आणि मोडल्यावर त्यांना जाब विचारणारे कोणी त्या तडजोडीत नेमलेलेच नव्हते. म्हणून तडजोडीच्या प्रकरणाला लागूनच अंमलबजावणीचे प्रकरण यावे.

भाषांतरवही

सर्वांचे आभार. ‘कन्सेन्सस’साठी ‘सहमती’ आणि सभेतील विचारणा ‘कोणाला मान्य आहे?’ अशी न ठेवता ‘कोणाची हरकत आहे?’ अशी ठेवली आहे. इतिवृत्ताच्या नमुन्यात ‘हरकत नोंदवून सहमती’ असा एक रकाना वाढवला आहे. ‘निगोशिएशन’ प्रसंगानुसार ‘बोलणी’ किंवा ‘वाटाघाटी’ असे राहील. ‘स्टेकहोल्डर’साठी काही सरकारी कागदांत ‘भागधारक’ दिसतो, पण ते कंपनीच्या समभागवाल्यांचे नाव आहे, आणि कचरा डेपोशेजारी राहणाऱ्या बाईंकडे कसला आला भाग? तेथे ‘संबंधित’ आणि आवश्यक तेथे ‘लाभधारक व बाधित’ असे वेगवेगळे लिहिले आहे.

एक कोडे मात्र सुटलेले नाही. बोलणी मोडली तर आपल्या हातात दुसरा कोणता मार्ग उरतो, याचा हिशोब बैठकीआधीच प्रत्येक बाजूने करावा, असे मूळ पुस्तिका सांगते, आणि त्या उरलेल्या मार्गाला ती एक खास संज्ञा देते. ‘पर्यायी उपाय’ हा शब्द मला फार पातळ वाटतो.

दिंडोरीचा पाटकरी

ताई, त्या उरलेल्या मार्गाला आमच्याकडे नाव नाही. तो नसण्याला आहे. व्यापारी आडत्याकडे बसलेल्या शेतकऱ्याकडे पाहून आधी एवढेच ताडतो की हा किती अडलेला आहे. माल नासायला आला असेल तर भाव पडतो, कांदाचाळीत टिकणारा असेल तर थांबता येते. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण त्याच हिशोबाची. तुम्ही प्रश्न उलटा विचारून पाहा: ‘बोलणी मोडली तर आपण किती अडतो, आणि समोरचा किती अडतो?’ आमच्या सभेत हे कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.